पडकं आणि ओसाड

डागेरोटाइप सरळ समोर धरून पाहता येत नाही. तांब्याचा पत्रा, त्यावर चांदीचा मुलामा, तो घासून घासून आरशासारखा केलेला. हातात घेतला की आधी आपलाच चेहरा दिसतो. मग पत्रा जरा कलता करायचा, समोर काहीतरी गडद येईल असा बेतायचा, तेव्हा कुठे आपल्या नाकाडोळ्यांमागून खांब, कमानी, पायऱ्या वर येऊ लागतात. आणखी थोडा कलवला की काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. जिथे उजेड जास्त झाला तिथे निळसर झाक उतरते; आणि आकाशच सर्वांत उजळ असल्यामुळे, रंगाचा पत्ता नसलेल्या या चित्रात आकाश तेवढं कधीकधी निळं निघतं, तेही चुकून. शिवाय सगळं डावं-उजवं उलटं. लोलक लावून ते सुलटं करता येई, पण त्यात उजेड वाया जाई, म्हणून अनेक जण तसंच राहू देत. टायटसच्या कमानीवरचा लेख अशा पत्र्यावर उमटला तर तो वाचायला दुसरा आरसा लागतो.

१८४२ साली लांग्र गावचा एक सदतीस वर्षांचा श्रीमंत फ्रेंच गृहस्थ असे पत्रे भरलेल्या पेट्या घेऊन रोममध्ये उतरला. नाव जोसेफ-फिलिबेर जिरो द प्रांजे. स्पेनमधल्या अरबी वास्तुकलेवर सचित्र ग्रंथ काढलेला, हातात चित्रकला, खिशात वडिलोपार्जित पैसा. डागेरोटाइपची कृती पॅरिसमध्ये जाहीर होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. रोमहून तो ग्रीसला गेला, मग इजिप्त, सीरिया, तुर्कस्तान. १८४५ मध्ये घरी परतला तेव्हा जवळ नऊशेहून अधिक पत्रे होते. उंच गोष्टीसाठी पत्रा उभा चिंचोळा कापायचा, पसरट गोष्टीसाठी आडवा चिंचोळा. अख्ख्या देवळापेक्षा त्याला बरेचदा कंगोऱ्याचा एखादा तुकडा, खांबाचं डोकं, पडलेला दगड जास्त आवडे.

रोमच्या अवशेषांची ही छायाचित्रं अगदी पहिल्या फळीतली. त्याच्या वर्षभर आधी अलेक्झांडर एलिस या इंग्रजाने इटलीचे दीडशेवर पत्रे जमवले होते, म्हणजे अगदी पहिला मान जिरोचा नाही. पण तो वाद मला इथे नको आहे. या दोघांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्या दहा-वीस वर्षांतल्या जणांच्या चित्रांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांतल्या रोममध्ये माणूस जवळजवळ नाही.

मराठीत मोडलेल्या वास्तूला दोन शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वाडा पडका असू शकतो आणि त्याच्या उरलेल्या दोन खोल्यांत कुणी चूल मांडून राहत असू शकतं; सोप्यात म्हैस बांधलेली, ढासळलेल्या भिंतीवर वाळत घातलेलं लुगडं. पडका म्हणजे नुसता पडलेला. ओसाड म्हणजे माणूस निघून गेलेला. धडधाकट घरही ओसाड असू शकतं. पडकं ही दगडमातीची अवस्था झाली, ओसाड ही वस्तीची. १८४२ चं रोम पडकं होतं. ओसाड मुळीच नव्हतं. ते ओसाड केलं कॅमेऱ्याने, आणि पुढच्या नव्वद वर्षांत खऱ्या रोमला त्या चित्राबरहुकूम आणलं गेलं, असं माझं म्हणणं आहे.

आधी कॅमेऱ्याचा भाग. आयोडीनची वाफ दिलेल्या चांदीवर चित्र उमटायला त्या काळी उघड्यावरसुद्धा काही मिनिटं लागत. तेवढा वेळ जे हललं नाही ते उमटलं. दगड हलत नाही. गाडीवान हलतो, पाणी भरणारी बाई हलते, पाद्री झपझप चालत जातो. या सगळ्यांवरून परतलेला उजेड पत्र्यावर पडतो खरा, पण एका जागी ठरत नाही, म्हणून त्याचं काही बनत नाही. झाडांचंही तेच. वाऱ्यावर हलणारं पान धुरकट होतं, त्यामागची वीट मात्र नखाने खरवडावी इतकी स्पष्ट येते. पुढे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या काचा वापरणारा रॉबर्ट मॅकफर्सन चांगल्या उन्हात पाचेक मिनिटं भिंग उघडं ठेवी, आणि व्हॅटिकनच्या अंधाऱ्या दालनांतल्या पुतळ्यांसाठी काही तास. म्हणजे या तंत्राला जे मेलेलं आहे तेच दिसायचं. शहरात जे जे जिवंत, ते ते गाळून घेणारी ती चाळण होती.

आता त्या काळचं फोरम डोळ्यांपुढे आणा. लोक त्याला फोरम म्हणतच नसत. म्हणत काम्पो व्हाच्चीनो, गुरांचं मैदान. सेप्टिमियस सेव्हरसच्या कमानीपासून टायटसच्या कमानीपर्यंत एल्मच्या झाडांच्या रांगा, त्यांच्या सावलीत सोडलेले बैल आणि लांब दांड्यांच्या गाड्या. सेव्हरसची कमान तेव्हा चाळीसेक वर्षांपूर्वी, १८०३ मध्ये खणून मोकळी केलेली. भोवती गोल भिंत बांधून ती जणू खड्ड्यात उभी. फोकसच्या खांबाचा पाया त्याच सुमारास सापडलेला. बाकी मैदान अजून जुन्या इमारतींच्या माथ्यांवर पसरलेल्या मातीचं, आणि त्यावर लोकांची रोजची ये-जा. कोलोसियममध्ये तर उघड उघड देवाचं काम चाले: १७५० साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी आत ख्रिस्ताच्या शेवटच्या वाटचालीच्या चौदा देवळ्या बसवल्या होत्या, मधोमध क्रूस, आणि भाविक एकीपासून दुसरीकडे गुडघे टेकत जात. वर भिंतींवर रान माजलेलं. रिचर्ड डीकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने कोलोसियमवर उगवणाऱ्या वनस्पतींचं एक पुस्तक १८५५ मध्ये काढलं. त्यात ४२० जाती आहेत. एका इमारतीवर ४२० जाती! पडक्या दगडाला इतकं गजबजलेलं घर दुसरं मिळणार नाही.

हे सगळं पत्र्यावर येईपर्यंत एक तर पुसलं जाई किंवा धुरकट होई. उरे तो दगड आणि निश्चल ऊन.

इथे कुणी म्हणेल की अवशेषांचं एकटेपण ही काही कॅमेऱ्याची देणगी नव्हे. कवी-चित्रकार आधीपासून तेच गात होते. एकटेपणाचे उसासे होते, कबूल. पण चित्रं पाहा. पिरानेसीच्या अठराव्या शतकातल्या कोरीव चित्रांत कमानी अवाढव्य आहेत आणि त्यांच्या पायाशी हातवारे करणारी, भांडणारी, भीक मागणारी, दगडावर रेलून झोपलेली माणसं आहेत. ती मापासाठी घातलेली असतील, करमणुकीसाठी असतील. पण माणसांवाचून अवशेष हे चित्र त्या काळच्या डोळ्याला अपुरं वाटे. याचा सर्वांत चांगला पुरावा खुद्द डागेरोटाइपच्याच धंद्यातला आहे. पॅरिसचा चष्मेभिंगवाला लरबूर याने १८४० पासून जगभरच्या स्थळांची एक चित्रमाला भागाभागाने विकायला काढली. मूळ पत्रा एकच, त्याची प्रत निघत नाही. म्हणून त्यावरून रेषा उचलून छपाईचे ठसे बनवायचे. रोम त्यात होतंच. आणि ठसे बनवणाऱ्यांनी काय केलं, तर यंत्राने जशीच्या तशी टिपलेली म्हणून जाहिरात केलेल्या त्या दृश्यांत हाताने माणसं काढून बसवली. फिरायला निघालेली जोडपी, गाडी, कुत्रा. गिऱ्हाइकाला रिकामं रोम खोटं वाटत होतं, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हा डोळा उलटला. १८५० च्या दशकात पियात्सा दि स्पान्याच्या आसपास रोमची छायाचित्रं घाऊक विकली जाऊ लागली. मॅकफर्सन हा मूळचा एडिंबरोचा शल्यवैद्य, मग चित्रकार, मग चित्रांचा दलाल. (मायकेलएंजेलोचं एक अपुरं चित्र त्याने रोममध्ये पैदा करून पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीला दोन हजार पौंडांना विकलं. नजर होती माणसाला.) जेम्स अँडरसनही मूळ चित्रकारच. त्यांच्या चित्रांत माणसं भरायची गरज आता कुणाला वाटेना. प्रवासी इंग्रज बाई घरी जाऊन आल्बम उघडत असे तो भिकाऱ्यांशिवायचं, डासांशिवायचं, आरडाओरड्याशिवायचं रोम बघायला. ज्या रिकामपणाला १८४० मध्ये हाताने डागडुजी लागत होती, तोच रिकामपणा आता मालाचा गुण झाला.

मॅकफर्सनचं मार्सेलसच्या नाट्यगृहाचं छायाचित्र मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं, कारण त्यात चाळण नीट बसलेली नाही. ऑगस्टसच्या काळातलं हे अर्धवर्तुळाकार नाट्यगृह मध्ययुगात किल्ला झालं, सोळाव्या शतकात त्याच्या माथ्यावर राजवाडा चढला. खालच्या रांगेतल्या कमानी चित्रात निम्म्या जमिनीत गेलेल्या दिसतात. शतकानुशतकं रस्ता वर वर चढत आलेला. आणि त्या कमानींत दुकानं आहेत. माणसं नसली तरी दुकानं हलत नाहीत, म्हणून ती उमटली. कमानीच्या पोटात बसवलेली लाकडी चौकट, तिच्यापुढे झालेली काळपट जागा, दोन हजार वर्षांच्या दगडाला ठोकलेलं काहीबाही. इथे पडकेपणा आहे आणि संसारही आहे. खांबाला टेकून बसायची रोजची सवय असलेल्या माणसांचं शहर हे.

पण चाळणीचा खरा धोका कळतो तो स्तेफानो लेक्कीच्या चित्रांत. १८४९ मध्ये रोममध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. पोप त्याआधीच पळाला होता, मात्झिनी कारभारी झाला, गॅरिबाल्डी तटावर लढला. पोपला परत आणायला फ्रान्सने जनरल उदिनोच्या हाताखाली फौज पाठवली, आणि जून महिनाभर यानिकुलम टेकडीवरच्या बागबंगल्यांवर तोफा चालल्या. जुलैच्या सुरुवातीला सगळं संपलं. लेक्की कागदी निगेटिव्हचा कॅमेरा घेऊन तिथे गेला आणि त्याने चाळीसेक चित्रं काढली: व्हिला कोर्सिनी, जहाजाच्या आकाराचा म्हणून व्हास्चेल्लो म्हणत तो बंगला, सान पान्क्रात्सियो दरवाजा. युद्धाच्या जगातल्या अगदी पहिल्या छायाचित्रांत ती धरली जातात. आता ती फोरमच्या चित्रांशेजारी ठेवून पाहा. मिठाच्या कागदाची तीच भुरकट तांबूस छटा, तंतूंमुळे तेच मऊ पडलेले कोपरे, तेच निश्चल ऊन, कमानीतून दिसणारं तेच फिकं आकाश. क्वचित एखादी बारीक आकृती. महिन्याभरापूर्वी जिथे तरुण पोरं संगिनींनी मेली ती जागा दोन हजार वर्षांपूर्वी पडल्यासारखी शांत दिसते. तोफेने पाडलं की काळाने, हे छायाचित्र सांगू शकत नाही. काळाने पाडलं असंच ते नकळत सुचवतं.

अवशेषांची रिकामी चित्रं आवडणाऱ्या आपल्या सर्वांना हे लागू आहे. माणूस चित्रात नसला की तो आपणहून गेला, फार पूर्वी गेला, असं मन धरून चालतं. त्याला कुणी हाकललं का, हा प्रश्न सुचतच नाही.

आणि रोममध्ये हाकललं. सप्टेंबर १८७० मध्ये पोपची सत्ता संपून रोम इटलीत सामील झालं, आणि लगेच पिएत्रो रोसाच्या देखरेखीखाली कोलोसियम घासूनपुसून काढायला सुरुवात झाली. डीकिनच्या ४२० जाती उपटल्या गेल्या. १८७४ मध्ये चौदा देवळ्या आणि क्रूसही हलवला. फोरममधले एल्म गेले, बैल गेले. १९०० साली फोरमच्या कडेचं सांता मारिया लिबेरात्रिचे हे देऊळ पाडून त्याच्याखालचं जुनं देऊळ उघडं केलं. जुन्या छायाचित्रांत ते वरचं देऊळ अजून उभं आहे.

इथे मला थांबून एक कबुली द्यायला हवी, नाहीतर माझाच युक्तिवाद ओसाड होईल. खणलं नसतं तर आज जे माहीत आहे त्यातलं फार थोडं माहीत असतं. जाकोमो बोनीने १८९९ मध्ये फोरमच्या फरसबंदीखाली काळा दगड आणि त्याखाली लॅटिनमधल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक शोधून काढला. गुरांचं मैदान तसंच ठेवलं असतं तर तो अजून बैलांच्या खुराखाली असता. नाट्यगृहाच्या कमानीतली दुकानंही काही गोजिरवाणी नव्हती. दमट, अंधारी, टायबरला पूर आला की पाण्यात. गरिबाच्या ओल धरलेल्या खोलीत सौंदर्य बघणं हा वरच्या मजल्यावरच्यांचा शौक असतो, हे मी विसरलेलो नाही. कॅमेऱ्याने कुदळही मारलेली नाही. ती शास्त्राने मारली, राष्ट्राभिमानाने मारली.

तरी कुदळ मारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र कोणतं होतं? ३१ डिसेंबर १९२५ रोजी मुसोलिनीने रोमच्या नव्या गव्हर्नरला जाहीर भाषणात कामं नेमून दिली. मार्सेलसच्या नाट्यगृहाभोवती, ऑगस्टसच्या समाधीभोवती, पँथियॉनभोवती जागा मोकळी करा, पडत्या काळात त्यांच्याभोवती उगवलेलं सगळं नाहीसं करा. आपल्या इतिहासाची ही हजारो वर्षांची स्मारकं त्यांना आवश्यक अशा एकांतात भव्य उभी राहिली पाहिजेत, असा त्या बोलण्याचा आशय. आवश्यक एकांत! ऐंशी वर्षांपूर्वी चांदीच्या मंदपणामुळे जो एकांत नाइलाजाने उमटत होता, तो आता सरकारी फर्मान झाला. ज्याला लहानपणापासून शाळेच्या पुस्तकात, टपालकार्डावर, भिंतीवरच्या चौकटीत रिकामं रोमच दिसलं, त्याला भरलेलं रोम घाण वाटणं साहजिक आहे.

१९२६ पासून १९३२ पर्यंत नाट्यगृहाच्या कमानी उपसून काढल्या. दुकानं गेली, भोवतालच्या गल्ल्या गेल्या. पियात्सा व्हेनेत्सियापासून कोलोसियमपर्यंत सरळसोट राजरस्ता हवा म्हणून वेलिया नावाची आख्खी टेकडी कापली आणि दाट वस्ती झोपवली. २८ ऑक्टोबर १९३२ ला तो रस्ता खुला झाला, तोही सम्राटांनी बांधलेल्या फोरमांच्या उरावरूनच गेला. संसार उठलेल्यांची सोय शहराबाहेरच्या बोर्गाते म्हणतात त्या वस्त्यांत झाली; कामाच्या जागेपासून मैलोगणती लांब. १९३४ मध्ये ऑगस्टसच्या समाधीजवळ मुसोलिनी स्वतः छपरावर चढून कुदळ मारतो आहे, हे छायाचित्र मात्र क्षणार्धात निघालेलं आहे. तोवर कॅमेरा जलद झाला होता. हलणारा माणूस आता टिपता येत होता, पण टिपण्यासाठी निवडलेला माणूस तो होता.

मी स्वतः फोरममध्ये गेलो तेव्हा सकाळची नऊची वेळ होती आणि तिकिटाच्या रांगेतच घामाघूम झालो होतो. आत शनीच्या देवळाच्या आठ खांबांपुढे मीही तेच केलं जे सगळे करतात: गर्दी सरकायची वाट पाहिली. दहा-बारा मिनिटं. कुणीतरी येतच राहिलं. शेवटी गवतावर पाणी मारणारा एक कामगार तेवढा चौकटीत उरला, निळा डगला, हातात पाइप. काढला फोटो. रात्री मुक्कामी फोनमधल्या त्या खोडरबरासारख्या सोयीने त्याच्यावर बोट फिरवलं आणि तो गेला. गवत आपोआप भरून आलं. मुलीने पाहिलं आणि विचारलं, ‘बाबा, तो पाइपवाला कुठे गेला?’ मी म्हटलं, ‘मध्ये येत होता.’ ती म्हणाली, ‘मग पाइप कोण सोडून गेलं?’ पाइपाचं टोक गवतात तसंच राहिलं होतं, आणि त्यातून पाणी येत होतं.

जिरो द प्रांजेने आपले पत्रे कधी लोकांना दाखवले नाहीत. प्रत्येकाच्या मागे स्थळ लिहून, मापाच्या लाकडी पेट्यांत लावून ठेवले, आणि उरलेलं आयुष्य बंगला, बाग, परदेशी झाडं आणि पक्षी यांत घालवलं. १८९२ मध्ये तो एकटाच वारला. बंगल्याची पडझड झाली. १९२० च्या दशकात ती मालमत्ता घेणाऱ्या शार्ल द सिमोनी या सरदाराला अडगळीत त्या पेट्या सापडल्या. त्यांतल्या रोमला तोवर खरं रोम पुष्कळ मागे टाकून गेलं होतं, आणि पुढच्या दहा वर्षांत ते आणखी दूर गेलं.

मेता सुदान्स हे त्यातलं मला सारखं आठवणारं उदाहरण. कोलोसियम आणि कॉन्स्टंटाइनची कमान यांच्या मधोमध पहिल्या शतकातलं एक कारंजं होतं, शंकूच्या आकाराचं, घाम फुटल्यासारखं पाणी पाझरणारं. जुन्या छायाचित्रांत ते हमखास दिसतं: विटांचा ओबडधोबड, झिजलेला खुंट, कोलोसियमपुढे अगदीच बुटका. अवशेषातलाही अवशेष. १९३६ मध्ये रस्त्याला आणि संचलनाला अडथळा होतो म्हणून त्यांनी तो खणून काढला. प्राचीन रोमच्या नावाने प्राचीन रोमचाच तुकडा. पुढे उत्खननात पाया तेवढा सापडला. कोलोसियम आख्खा चौकटीत मावावा म्हणून प्रवासी पाठ न वळवता मागे मागे सरकत जातात, तेव्हा त्यांच्या टाचा त्या खुंटाच्या जागेच्या आसपासच येऊन थांबतात.